जिमला जाणाऱ्या नवशिक्याने उस्ताद लावावा का?
खासगी प्रशिक्षकाच्या खर्चाचा एक सरळ हिशेब

व्यापाऱ्याला दुकानातील मालाची काळजी असते, कारागिराला हत्यारांची असते. मशीनला वेळेवर तेल घातले जाते, कातरीला धार लावली जाते, तराजूचा काटा तपासला जातो. परंतु ज्या शरीराच्या जोरावर हा सगळा रोजगार चालतो त्याच्या देखभालीचा खर्च आमच्या वहीत कुठेच लिहिलेला नसतो. कंबर धरली, मान आखडली, शुगर निघाली की मग डॉक्टरांचे बिल आणि बंद दुकानाचा तोटा असे दोन्ही खर्च एकदम अंगावर येतात.

कळंबसारख्या गावाचेच उदाहरण घेऊ. नागपूर-यवतमाळ रस्त्यावरचे हे तालुक्याचे ठिकाण. २८ फेब्रुवारी २०२४ रोजी वर्धा ते कळंब या रेल्वेमार्गाचे उद्‌घाटन झाले आणि गावाला रेल्वेचे नवे दार उघडले. कापसाचा हंगाम, बाजाराचा दिवस, लग्नसराई यांच्यावर येथील धंदा चालतो. शिंपी दहा-दहा तास मशीनवर वाकून बसतो. बागवान फळांच्या पेट्या उचलतो. गॅरेजचा मिस्त्री गाडीखाली आडवा होतो. गादी भरणारा माणूस कापसाच्या धुळीत दिवस काढतो. कापड दुकानदार सकाळी गादीवर बसतो तो रात्रीच उठतो. यातील प्रत्येकाला चाळिशीच्या आसपास डॉक्टर एकच वाक्य ऐकवतात : "व्यायाम करा."

हल्ली तालुक्याच्या गावांतही जिम निघाल्या आहेत. माणूस हिंमत करून तेथे जातो, फी विचारतो, आणि लगेच दुसरा प्रश्न समोर येतो : "पर्सनल ट्रेनर लावायचा का? त्याचे वेगळे पडतील." हे वेगळे पैसे बहुधा जिमच्या फीच्या कितीतरी पट असतात. नवा माणूस गोंधळतो. नाही म्हणावे तर दुखापतीची भीती, हो म्हणावे तर खिशाला चटका. हा खर्च कधी करावा, किती दिवस करावा आणि कधी मुळीच करू नये, याचा विचार आम्ही या लेखात करणार आहोत.

"आम्ही तर दिवसभर राबतो"

प्रथम एका जुन्या आक्षेपाचे उत्तर देऊ. आमचे कारागीर बांधव म्हणतात, "दिवसभर अंगमेहनत करतो, आम्हाला कसरत कशाला?" मेहनत आणि व्यायाम यांत फरक आहे. मेहनतीत शरीराचे तेच ते भाग एकाच दिशेने वापरले जातात. शिंप्याचे खांदे पुढे झुकलेलेच राहतात, पाठीचे स्नायू ताणून थकतात. पेट्या उचलणारा घाईत असतो, गुडघे वाकवण्याऐवजी तो कंबरेतून वाकतो. व्यायामात जो भाग कामात कमी पडतो तो मुद्दाम मजबूत केला जातो, आणि भार हळूहळू, मोजून वाढवला जातो.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली प्रौढांसाठी जी शिफारस केली ती अशी : आठवड्यातून १५० ते ३०० मिनिटे भरभर चालण्यासारखा मध्यम व्यायाम, आणि त्याशिवाय किमान २ दिवस सर्व मोठ्या स्नायूंना ताकद देणारा व्यायाम. चालण्याला कोणाचीही फी लागत नाही. प्रश्न येतो तो दुसऱ्या भागाचा, म्हणजे ताकदीच्या व्यायामाचा. देशापुढचे संकटही लहान नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार भारतात मधुमेहाचे सुमारे १० कोटी रुग्ण आहेत. स्नायू कामाला लागले की ते रक्तातील साखर वापरतात. म्हणून शुगरच्या माणसाला चालण्याबरोबर ताकदीचा व्यायामही सांगितला जातो.

तालीम म्हणजेच शिक्षण

गुरू नेमून शरीर घडवण्याची पद्धत आमच्याकडे परदेशातून आलेली नाही. मराठीत कुस्तीच्या आखाड्याला "तालीम" म्हणतात. हा मूळचा अरबी शब्द आणि त्याचा अर्थ शिक्षण. तेथे शिकवणाऱ्याला "वस्ताद" म्हणतात, तो आपला "उस्ताद"च. म्हणजे ज्या जागेला आम्ही व्यायामाची जागा समजतो तिच्या नावातच शिकवणे आहे. नुसती माती आणि मुद्गल असले म्हणून तालीम होत नाही.

गामा पहिलवानाचे नाव आमच्या घराघरांत ठाऊक आहे. १९१० साली लंडनला जाऊन त्याने स्टॅनिस्लाउस झबिस्को या नामांकित मल्लाशी झुंज दिली. पहिल्या दिवशी कुस्ती सुटली नाही, आणि पुढच्या ठरलेल्या दिवशी झबिस्को आलाच नाही, तेव्हा विजय गामाचा ठरला. हा गामा लहानपणीच पोरका झाला होता. त्याला घडवले ते पहिलवानकी करणाऱ्या घरातील वडीलधाऱ्यांनी. अंगात उपजत ताकद असलेल्या पोरालाही शिकवणारा लागला.

आमच्या वऱ्हाडातही ही परंपरा मोठी आहे. अमरावतीचे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ साली वैद्य बंधूंनी सुरू केले. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी या मंडळाच्या पथकाने तेथे देशी खेळांची प्रात्यक्षिके करून दाखवली. पुढे तेथेच शारीरिक शिक्षणाचे महाविद्यालय उभे राहिले. व्यायाम शिकवणे हे पद्धतशीर शास्त्र आहे, हे येथे फार पूर्वीच मान्य झालेले होते.

परंतु तालमीत आणि आजच्या जिममध्ये एक फरक आहे, आणि सारा प्रश्न तेथूनच निघतो. तालमीत वस्ताद सगळ्यांचा असतो. नवा पोरगा आला की वस्ताद किंवा त्याचा जुना चेला त्याला दंड-बैठका शिकवतो. जिममध्ये मात्र फी यंत्रांची असते, शिकवणे वेगळे विकत घ्यावे लागते.

प्रशिक्षक नेमके काय विकतो?

कोणत्याही सौद्यात प्रथम माल पाहावा. खासगी प्रशिक्षकाकडून चार गोष्टी मिळतात.

पहिली, पद्धत. वजन कसे धरावे, पाठ कशी ठेवावी, श्वास कधी घ्यावा व कधी सोडावा. श्वास कोंडून जड वजन उचलले तर रक्तदाब एकदम वर चढतो. ब्लड प्रेशरच्या माणसाला हे धोक्याचे आहे.

दुसरी, प्रमाण. किती वजनाने सुरुवात करावी आणि कधी वाढवावे. अमेरिकेतील क्रीडावैद्यक संस्थेने २००९ मध्ये नवशिक्यांसाठी केलेली शिफारस सोपी आहे : आठवड्यातून २ ते ३ दिवस, आणि ८ ते १२ वेळा नीट उचलता येईल इतकेच वजन. ठरलेल्या संख्येपेक्षा एक-दोन वेळा जास्त जमू लागले की वजन २ ते १० टक्के वाढवायचे.

तिसरी, हजेरी. कोणी वाट पाहत आहे म्हटले की माणूस अंथरुणातून उठतो.

चौथी, सावधगिरी. कोणती दुखणी कसरतीने बरी होतील आणि कोणत्या दुखण्यात थांबले पाहिजे, हे ओळखणारी नजर.

आता प्रत्येक मालाची मुदत पाहा. पद्धत एकदा शिकली की शिकली. प्रमाणाचा नियम वहीत लिहून ठेवता येतो. हजेरी एखादा मित्रही लावून घेऊ शकतो. सावधगिरीची नजर मात्र सुरुवातीला फार लागते, पुढे अधूनमधून लागते. म्हणजे या चारही मालांची खरी किंमत पहिल्या काही आठवड्यांत आहे. हा मुद्दा आमच्या वाचकांनी मनात पक्का धरावा.

पहिले आठवडे मोलाचे का?

दुकानात नवा शागीर्द येतो. पहिल्या महिन्यात त्याच्या हाताला कात्री कशी धरायची ते कळत नाही. दुसऱ्या महिन्यात तोच हात सफाईने चालू लागतो. हाताचे मांस वाढलेले नसते, हात "बसलेला" असतो. व्यायामाचेही तसेच आहे. पहिल्या काही आठवड्यांत जी ताकद वाढलेली दिसते ती बरीचशी स्नायू मोठे झाल्यामुळे नसते. मेंदू आणि मज्जातंतू त्या स्नायूंना नीट कामाला लावायला शिकतात म्हणून ती असते. स्नायूंची वाढ त्यामागून सावकाश येते.

याचा सरळ अर्थ असा की पहिले आठवडे हे शिकण्याचे आहेत. या काळात शरीर जी पद्धत शिकेल तीच अंगवळणी पडेल. चुकीची पडली तर ती मोडायला दुप्पट वेळ लागतो. ज्याने शागीर्द घडवले आहेत त्याला हे वेगळे सांगायला नको.

अभ्यास काय सांगतात?

२००० साली अमेरिकेत एक प्रयोग प्रसिद्ध झाला. थोडाफार सराव असलेल्या तरुणांचे दोन गट केले. दोघांना १२ आठवडे एकच कार्यक्रम दिला. एका गटासोबत प्रशिक्षक राहिला, दुसऱ्याने आपले आपण केले. प्रशिक्षक असलेल्या गटाची ताकद जास्त वाढली, कारण त्यांनी वजन वेळेवर आणि जास्त वेगाने वाढवले. माणसे थोडी होती, तरी निष्कर्ष अनुभवाला धरून आहे.

आमच्या दृष्टीने अधिक कामाचा प्रयोग ब्राझीलचा आहे, तो २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात अगदी नवशिके तरुण घेतले होते. एका गटात ५ जणांमागे एक प्रशिक्षक, दुसऱ्यात २५ जणांमागे एक. ११ आठवड्यांनी पाहिले तर ५ जणांच्या गटाची छातीची व पायांची ताकद दुसऱ्या गटापेक्षा अधिक वाढली होती.

यातून दोन गोष्टी निघतात. एक, पंचवीस जणांच्या गर्दीत एकाच्या भरवशावर राहणे पुरेसे नाही. दोन, फायदा व्हायला एका माणसामागे एकच प्रशिक्षक असला पाहिजे असे नाही. पाच जणांत एक असला तरी काम होते. हे दुसरे निरीक्षण आमच्या खिशाच्या फार सोयीचे आहे.

वही उघडून हिशेब

आता आकडे मांडू. दर गावागावांत वेगळे असतात, म्हणून हे आकडे केवळ उदाहरणासाठी आहेत. वाचकांनी आपल्या गावचे दर घालून हिशेब करावा. समजा जिमची फी महिना ७०० रुपये आहे आणि खासगी प्रशिक्षकाचे वेगळे ४,००० रुपये.

पहिला मार्ग : वर्षभर प्रशिक्षक. जिमचे ८,४०० आणि प्रशिक्षकाचे ४८,०००, एकूण ५६,४०० रुपये.

दुसरा मार्ग : पहिले २ महिने प्रशिक्षक, पुढे आपले आपण. ८,४०० अधिक ८,०००, एकूण १६,४०० रुपये. सहा महिन्यांनी पद्धत तपासून घेण्यासाठी आणखी एक महिना लावला तरी २०,४०० रुपये.

तिसरा मार्ग : चार मित्रांनी मिळून एक प्रशिक्षक. चौघांचे मिळून त्याने महिना ६,००० मागितले तर प्रत्येकी १,५००. असे ३ महिने म्हणजे ४,५००. जिमची फी धरून प्रत्येकी १२,९०० रुपये.

पहिल्या आणि तिसऱ्या मार्गात ४३,५०० रुपयांचा फरक आहे. शिकण्याचा फायदा मात्र तिसऱ्या मार्गात फारसा कमी होत नाही. त्यातून एकच वेळ ठरवलेली असल्याने चौघेही एकमेकांची हजेरी घेतात. प्रशिक्षकाचाही तोटा नाही. एका तासाचे त्याला ४,००० ऐवजी ६,००० मिळतात.

आणखी एक हिशेब. वर्षाची ८,४०० फी भरून माणूस फक्त २४ दिवस गेला तर एका दिवसाचे ३५० रुपये पडले. आठवड्याला तीन दिवस या मानाने तो १५० दिवस गेला तर एका दिवसाचे ५६ रुपये पडले. न वापरलेली फी म्हणजे गोदामात पडून राहिलेला माल. आम्ही स्वतः एकदा सवलतीच्या मोहाने एका जिमची वर्षाची फी एकदम भरली होती. पहिल्या दिवशी एका मुलाने यंत्रे दाखवली आणि तो निघून गेला. आम्ही शेजारच्याचे पाहून तेवढेच वजन लावले. आठवडाभर हात वर होईनात. दोन महिने पुरे व्हायच्या आत आमचे जाणे बंद झाले. दहा महिन्यांची सवलत आम्ही जिमलाच दिली म्हणायची. त्या वेळी एक महिना शिकवणाऱ्याचे पैसे दिले असते तर वर्षाची फी वसूल झाली असती. या प्रश्नाकडे आम्ही हिशेबाने पाहू लागलो ते तेव्हापासून.

कोणी जरूर लावावा?

ज्यांना शुगर, ब्लड प्रेशर किंवा हृदयाचा त्रास आहे, ज्यांची कंबर, गुडघा किंवा खांदा दुखावलेला आहे, ज्यांना हर्निया आहे किंवा त्याचे ऑपरेशन झालेले आहे, ज्यांनी पन्नाशी ओलांडली आहे आणि वर्षानुवर्षे व्यायाम केलेला नाही, त्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे आणि मगच जिमची पायरी चढावी. अशांनी सुरुवातीचे दोन-तीन महिने जाणत्या माणसाच्या नजरेखालीच करावेत. येथे पैसे वाचवणे महागात पडते. शुगरची गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्याची साखर कसरतीत एकदम खाली जाऊ शकते. सोबतच्या माणसाला हे ठाऊक हवे आणि खिशात काहीतरी गोड हवे.

घरातील महिलांचाही विचार करावा. बाळंतपणानंतर पोटाचे व कंबरेचे स्नायू सैल झालेले असतात. अशा वेळी शिकलेली महिला प्रशिक्षक आणि महिलांसाठी राखून ठेवलेली वेळ ही सोय मिळत असेल तर तिच्यावरचा खर्च योग्यच आहे.

ज्याचे वय कमी आहे, काही दुखणे नाही, ज्याच्या घरात किंवा मित्रांत तालीम केलेला जाणता माणूस आहे, त्याला पैशाने उस्ताद लावण्याची गरज नाही. पहिले काही आठवडे त्या जाणत्याला सोबत न्यावे. बहुतेक जिममध्ये सर्वांसाठी एक साधारण प्रशिक्षक असतो. फी भरतानाच त्याच्याकडून सुरुवातीचे काही दिवस नीट शिकवून घेण्याचे कबूल करून घ्यावे.

आणि ज्याला जिमच परवडत नाही त्याने निराश होऊ नये. भरभर चालणे, बैठका, भिंतीला किंवा पलंगाला हात टेकून मारलेले दंड, पाण्याच्या भरलेल्या कॅनने केलेली हातांची कसरत, एवढ्यावरही सुरुवात उत्तम होते.

उस्ताद पारखावा कसा?

डॉक्टरला परिषदेची नोंदणी लागते, वकिलाला सनद लागते. व्यायाम शिकवणाऱ्याला आपल्याकडे अशी सक्तीची सनद नाही. दंड फुगलेले असले की तो प्रशिक्षक, अशी समजूत आहे. ती चुकीची आहे. सुंदर कपडे घालणारा प्रत्येक जण शिंपी नसतो.

म्हणून शिक्षण विचारावे. शारीरिक शिक्षणाची पदवी, पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेची पदविका, किंवा केंद्राच्या कौशल्य योजनेखाली क्रीडा व फिटनेस क्षेत्राच्या कौशल्य परिषदेचे प्रमाणपत्र, यांपैकी काही असेल तर चांगले. कागद नसला तरी अनुभवी माणूस चांगला असू शकतो, परंतु मग त्याचे काम डोळ्यांनी पाहावे.

पहिल्या दिवशी चांगला प्रशिक्षक आधी प्रश्न विचारतो : वय काय, काम काय, कोणते दुखणे, कोणती औषधे, झोप किती? तो हलक्या वजनाने सुरू करतो, वहीत लिहितो, दुखले तर थांबवतो. रोजगार विचारणे फार महत्त्वाचे आहे. दहा तास मशीनवर वाकणाऱ्याला आणि दहा तास पेट्या उचलणाऱ्याला एकच कसरत देणारा माणूस कामाचा नाही.

वाईट प्रशिक्षकाच्या खुणाही सांगतो. पहिल्याच दिवशी तो इतका घाम काढतो की माणूस दुसऱ्या दिवशी जिना चढू शकत नाही. अंग थोडे दुखणे स्वाभाविक आहे. परंतु अति कसरतीने स्नायू फार सुजले, वेदना असह्य झाल्या आणि लघवी काळपट चहासारखी झाली तर स्नायू फुटून त्याचा भार मूत्रपिंडावर पडत आहे असे समजावे आणि त्याच घटकेला दवाखाना गाठावा. दुसरी खूण म्हणजे तो शिकवताना मोबाईल पाहतो. तिसरी आणि सर्वांत वाईट खूण, आठवड्यातच तो पावडरचा डबा पुढे करतो.

या डब्याविषयी स्पष्ट बोलले पाहिजे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये आहाराच्या मार्गदर्शक सूचना दिल्या. त्यांत शरीर कमावण्यासाठी प्रथिनांच्या पावडरी घेणे टाळावे असाच सल्ला आहे. डाळ, अंडी, दूध, दही, मासे, मांस हा रोजचा नीट घेतलेला आहार नवशिक्याला पुरतो. पावडर विकण्यात कमिशन असते हे व्यापाऱ्याला वेगळे सांगायला नको. आणि कोणी "लवकर अंग भरेल" म्हणून इंजेक्शन किंवा गोळ्या सुचवल्या तर त्या जिममध्ये पुन्हा पाऊल टाकू नये. अशा स्टेरॉइडने हृदय, यकृत आणि संततीची क्षमता यांचे नुकसान होते. आपल्या तरुण मुलांना हे बापाने स्वतः सांगावे.

पैसे देताना

व्यवहार दोस्तीचा असला तरी कागदावर असावा. पावती घ्यावी. तीवर किती महिने, आठवड्यातून किती दिवस, कोणती वेळ, प्रशिक्षक न आल्यास दिवस भरून मिळणार की नाही, हे लिहून घ्यावे. पहिल्यांदा एका महिन्याचेच पैसे द्यावेत. रमजानच्या महिन्यात वेळ बदलून मिळेल का, की तो महिना पुढे ढकलता येईल, हे आधीच ठरवावे. लग्नसराई आणि कापसाचा हंगाम यांतही दुकानदाराला वेळ नसतो, त्याचीही बोली करून ठेवावी.

कराची एक गोष्ट लक्षात ठेवावी. २२ सप्टेंबर २०२५ पासून जिमच्या सेवेवरील जीएसटी १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला आहे. ज्या जिमची वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत आहे आणि जिने नोंदणी केलेली नाही, तिला गिऱ्हाइकाकडून जीएसटी घेताच येत नाही. तेव्हा पावतीवर कर लावलेला असेल तर जीएसटी क्रमांक पाहावा. पैसे घेऊन सेवा दिली नाही तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागता येते. ५ लाखांपर्यंतच्या सेवेसाठी तक्रारीला फी लागत नाही.

ही रोजगाराची संधीही आहे

व्यापाराच्या पानावर या विषयाची दुसरी बाजूही मांडली पाहिजे. आमच्या मोहल्ल्यांत व्यायामाचा शौक असलेली मुले खूप आहेत. हा शौक शिक्षणाची जोड देऊन रोजगार होऊ शकतो. अमरावती कळंबपासून फार दूर नाही, आणि तेथे शारीरिक शिक्षणाची मोठी परंपरा आहे. ज्याला पदवी शक्य नाही त्याने निदान मान्यताप्राप्त प्रमाणपत्र घ्यावे, प्रथमोपचार शिकावा, शरीररचनेची मूळ माहिती करून घ्यावी.

अशा मुलाने श्रीमंत गिऱ्हाइकाची वाट पाहत बसू नये. सकाळी दुकाने उघडण्याआधी चार दुकानदारांचा एक गट, रात्री दुकाने बंद झाल्यावर चार कारागिरांचा दुसरा, असे गट बांधावेत. वरच्या उदाहरणातील दराने तीन गट झाले तरी महिना १८,००० रुपये होतात. त्यातून जिममालकाचा हिस्सा वजा जाईल. दुपार दुसऱ्या कामाला मोकळी राहील. महिलांच्या गटांसाठी शिकलेल्या मुलींनाही येथे वाव आहे. पावडरीच्या कमिशनपेक्षा ही कमाई सावकाश वाढते, पण टिकते.

आमचे मत

एवढ्या विवेचनानंतर आमचे मत थोडक्यात सांगतो. नवशिक्याने शिकवणाऱ्यावर खर्च जरूर करावा, परंतु तो शिकण्यापुरता करावा. दुखणे असलेल्याने दोन-तीन महिने, धडधाकट माणसाने एक-दोन महिने, आणि शक्य असेल तर चार-पाच जणांत मिळून. या मुदतीत पायांची बैठक, वाकून उचलणे, छातीने ढकलणे, पाठीने ओढणे, डोक्यावर उचलणे आणि पोट-कंबर घट्ट धरणे, अशा सहा हालचाली पक्क्या शिकून घ्याव्यात. सगळी कसरत याच सहांच्या फांद्या आहेत. वही ठेवावी. पुढे सहा-आठ महिन्यांनी एकदा तपासून घ्यावे.

उस्तादाचे मोल शागिर्दाला आपल्या पायावर उभे करण्यात असते. दोन वर्षे झाली तरी "माझ्याशिवाय जमणार नाही" असे जो सांगतो त्याने एकतर शिकवले नाही, किंवा त्याला शिकवायचे नाही. आमच्या कारखान्यांत अशा माणसाला कोणी उस्ताद म्हणत नाही, जिममध्येही म्हणू नये. आणि ज्याने मन लावून शिकवले त्याचे पैसे मात्र घासाघीस न करता, वेळेवर द्यावेत. कारागिराच्या मेहनतीचे दाम बुडवणे कसे असते हे आम्हा कारागिरांइतके कोणाला ठाऊक असणार?